खालचं अर्धं पान

मेसेज आला तेव्हा पूनमसिंग चव्हाण स्टाफरूममध्ये बसून पोह्यांतल्या मिरच्या वेगळ्या काढत होता. मिरच्या पाच निघाल्या. समोर येईल ते मोजायचं ही त्याची जुनी सवय. इतिहासाच्या मास्तरला ती सनावळ्यांनी लावली असावी, किंवा त्या सवयीनेच त्याला इतिहासाचा मास्तर केलं असावं. फोन टेबलाच्या काचेवर गुरगुरला आणि जरासा सरकून बशीला टेकला. अभिनंदन. उज्ज्वला बाबुलाल राठोड. इयत्ता अकरावी, कला शाखा. पसंतीक्रमांक एक. पुढे यवतमाळच्या मुलींच्या महाविद्यालयाचं नाव, आणि त्याच्याही पुढे, प्रवेश उद्या शुक्रवारी संध्याकाळी सहापर्यंत निश्चित करावा, नाहीतर पुढच्या फेऱ्यांसाठी अर्ज बाद समजला जाईल. पूनमसिंगने मेसेज दोनदा वाचला आणि फोन पालथा घातला. पालथा घातल्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण फोन पालथा घातला. त्या दिवशी एवढंच घडलं म्हणायचं. समोर राज्यशास्त्राचे सदाशिवराव पेपर वाचता वाचता चष्म्यावरून बघत होते. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेला माणूस, त्याला सगळ्यांचीच गंमत वाटते. "कोनाची याद आली सर? वहिनी काय?" "कंपनीचा मेसेज हाय." "कंपनीवाले लय जीव लावतात बाप्पा तुमाले," म्हणत सदाशिवरावांनी पान उलटलं. पूनमसिंगने पाचही मिरच्या परत पोह्यांत मिसळल्या आणि खाऊन टाकल्या, आणि डोळ्यांत पाणी आलं त्याला निदान कारण तरी होतं.

बाभुळगावच्या या कॉलेजात पोरं येत नाहीत, आणावी लागतात. दहावीचा निकाल लागायच्या आधीच, एप्रिलच्या उन्हात, रुमाल डोक्याला बांधून प्राध्यापक मंडळी मोटरसायकलींवर निघतात. कोणी कळंबच्या बाजूला, कोणी राळेगावच्या बाजूला, गावं वाटून घेतलेली. ज्याने पोरगा आणला त्याचा विषय त्या पोराने घ्यायचा, हा कुठेही न लिहिलेला आणि कधीही न मोडलेला नियम. पोराच्या घरी चहा प्यायचा, बापाला पाव्हणा म्हणायचं, आणि निकाल लागला की पुन्हा जाऊन टीसी आणि गुणपत्रिका मूळची मागून घ्यायची. मूळ कागद ज्याच्या कपाटात, पोरगं त्याचं. आता अर्ज ऑनलाइन भरायचे आले तर मंडळींनी त्यावरही तोड काढली: अर्ज आपणच भरायचा, नंबर आपलाच टाकायचा, म्हणजे ओटीपी आपल्याच फोनवर येतो आणि दुसरा कोणी पोरगं पळवू शकत नाही. पूनमसिंगच्या फोनवर यंदा वीस पोरांचं भविष्य येत होतं, लग्नाच्या मंडपाच्या जाहिराती आणि रिचार्जच्या आठवणी यांच्यामधून वाट काढत. त्याची निळी डायरी होती. तिच्यात यंदाचे वीस जण होते, कारण इतिहासाला वीस लागत होते. विसाच्या खाली आकडा गेला की विषय बंद, विषय बंद की मास्तर अतिरिक्त. अतिरिक्त हा शब्द पूनमसिंगला झोपेतसुद्धा टोचायचा. शेजारच्या तालुक्यातला त्याच्या बरोबरीचा एक भूगोलवाला अतिरिक्त ठरला, त्याला जिथे पाठवलं तिथेही भूगोल नव्हता. तो आता दिवसभर वाचनालयाच्या किल्ल्या सांभाळतो आणि फोन केला तर पहिल्यांदा विचारतो, तुझा विषय हाय ना रे अजून?

विसातला एकेक माणूस पूनमसिंगला पाठ होता. तीन पोरं पुण्याच्या बाजूला कंपनीत लागली होती, ती फक्त परीक्षेला येणार. चार पोरींची दिवाळीनंतर लग्नं, त्यातल्या एकीचं तर त्यानेच जमवून दिलं होतं. दोघं पोलीस भरतीसाठी रोज पहाटे धावतात, त्यांना बारावी पास एवढा शिक्का हवा. एक पोरगा वणीला हॉटेलात, एक नुसताच घरी. असं करत करत एकोणीस जण कागदावरचे. कागदावरची माणसं मास्तरला आवडतात, ती प्रश्न विचारत नाहीत. आणि विसावी उज्ज्वला. तिच्या नावापुढे त्याने कंसात 'पक्की' लिहिलं होतं, आणि ते लिहितानाच त्याला कळलं होतं की वीस जणांत वर्गात बसणारी ही एकटीच निघणार. त्याला त्याचं हसू आलं होतं. एकोणीस कागद आणि एक पोरगी, असा आपला इतिहास.

राळेगावच्या वाटेवरच्या त्या तांड्यात तो मे महिन्यात गेला होता. बाप वणीला कोळशाच्या ट्रकवर, घरातला एकुलता फोन बापाबरोबर ट्रकवरच फिरणारा. आई जमनी; बंजाऱ्यांच्या गोरबोलीत आईला याडी म्हणतात. पूनमसिंग दारातूनच गोरबोलीत बोलला तशी तिने डोक्यावरचा पदर सारखा केला आणि त्याला भिया म्हणाली, भाऊ म्हणाली. एवढ्या एका शब्दावर ती कागद काढून देणार हे त्याने ओळखलं. तो स्वतः तांड्यातच वाढलेला. कोणत्या शब्दाला कोणतं कपाट उघडतं हे त्याला पुस्तकात शोधावं लागत नाही. पोरगी आत खाटेवर बसून वाचत होती. अकरावीचा इतिहास. निकाल नुकताच लागला होता, प्रवेश अजून झाला नव्हता, आणि ही गेल्या वर्षीच्या एका पोरीकडून आणलेलं पुस्तक अर्धं संपवून बसलेली. नुसता इतिहास नाही. राज्यशास्त्र, समाजशास्त्र, आणि कव्हर नसलेलं मानसशास्त्र. "सुट्टीत कायले वाचून राह्यली वं?" त्याने विचारलं. "पुढचं वाचून ठेवते सर. मंग वर्गात नुसतं समजून घ्याचं राहते." जमनी म्हणाली, "भिया, हिनं माहं डोस्कं खाल्लं. धसकटं येचाले गेलती माह्यासंग, तं वावरात बी तेच. म्हणे, चार हजार वर्साआंधी शहरात गटारं होती, झाकलेली. म्या म्हटलं, मंग आपल्या तांड्यातली कोनं चोरली?" तिघंही हसली. पूनमसिंग जरा जास्तच हसला, कारण हडप्पाची गटारं तो तेवीस वर्षं शिकवत होता आणि हा प्रश्न त्याला कधी पडला नव्हता.

मग तिने वह्या दाखवल्या. चार विषय, चार वह्या, प्रत्येक पानाच्या मधोमध पट्टीने मारलेली रेघ. वरच्या अर्ध्यात धड्याबद्दल तिला काय कळलं ते, बारीक सरळ अक्षरात, आणि काय नाही कळलं ते. खालचं अर्धं पान कोरं, आणि त्या कोऱ्या भागाच्या डोक्यावर, प्रत्येक पानावर, दोनच शब्द: सर सांगतील. त्याने पानं चाळली. सर सांगतील. सर सांगतील. सर सांगतील. मोजायची सवय, त्याने मोजली. इतिहासाची बेचाळीस पानं होती. बेचाळीस अर्धी पानं त्याची वाट बघत होती. त्याला आठवली त्याची स्वतःची सुट्टी, आश्रमशाळेतून घरी आलेला असतानाची. त्यानेही पुढचं वाचलं होतं. रद्दीतून आणलेल्या पुस्तकाची पहिली वीस पानं फाटलेली होती, त्यामुळे त्याच्यासाठी जग एकविसाव्या पानापासून सुरू झालं, मधूनच, एका अर्ध्या वाक्याने. ही गोष्ट तो पुढे प्रत्येक वर्गाला विनोद म्हणून सांगायचा आणि वर्ग हसायचा, वर्गात पोरं होती तोवर. त्याने कोणालाच सांगितलं नव्हतं की त्या फाटलेल्या वीस पानांत काय होतं ते त्याने नंतर कधी उघडून बघितलं नाही. "पण मले मानसशास्त्र पायजे सर," उज्ज्वला म्हणाली, "ते तुमच्या कॉलेजात नाई ना?" "नाई. कायले पायजे?" "त्याच्यात असते म्हणे, मानूस खोटं बोलते तवा त्याच्या आंगात काय होते ते. हाताले घाम येते म्हणे. आपण ठरवलं तरी थांबत नाई." म्हणून यवतमाळ. तिथे मानसशास्त्र आहे, वसतिगृह आहे, तिने चौकशी करून ठेवली होती.

पहिली पसंती यवतमाळची टाकायची, ती समोर बसून म्हणाली, आणि तो टाकत असताना मोबाईलच्या पडद्याकडे बघत राहिली. अर्ज क्रमांक तिने वहीच्या शेवटच्या पानावर उतरवून घेतला. त्याने तिला टाकू दिलं. उदारपणा नव्हता तो, हिशेब होता. यवतमाळची गेल्या वर्षीची यादी त्याला तोंडपाठ होती. हिच्या टक्केवारीला तिथे जागा लागत नव्हती. दुसरी पसंती बाभुळगाव. पोरीचं मन राहील आणि पोरगीही राहील. टीसी आणि गुणपत्रिका प्लास्टिकच्या पिशवीत घालून त्याने आपल्या बॅगेत ठेवली, जमनीने हात जोडले, आणि परतताना गाडीवर त्याला फार हलकं वाटत होतं. यादी यंदा खाली येईल हे त्याच्या हिशेबात नव्हतं. माणसं ओळखण्यात तो चुकत नसे, यादी ओळखण्यात चुकला.

गुरुवारचा उरलेला दिवस फोन खिशात राहिला. घरी जेवताना बायको, पुष्पा, म्हणाली, "काहून गप गप?" तो म्हणाला, मिरच्या लय होत्या पोह्यात. तिने त्याच्याकडे जरा वेळ बघितलं आणि ताक वाढलं. फोनमधलं ते अभिनंदन आपल्या मांडीला गरम लागतंय असं त्याला वाटत होतं; त्याने फोन काढून बघितला, तो थंडच होता. उद्या सकाळी जाऊन सांगू. सांगायचंच आहे. यवतमाळ काय लांब आहे, तासाभराची एसटी. कागद कपाटात आहेत, ओटीपी आपल्याकडे आहे, एक बटण दाबायचं, तिला आणि आईला घेऊन जायचं, सहाच्या आत होऊन जाईल. तो हे सगळं इतकं नीट जुळवत होता की जुळवता जुळवता त्याला आपण ते करून आल्यासारखं वाटलं आणि समाधानाने झोप लागली. शुक्रवारी सकाळी कॉलेजात मुख्य लिपिकाने आकडे मागितले. इतिहास किती? पूनमसिंगच्या तोंडून वीस आलं. तोंडाला त्याने विचारलं नव्हतं. सदाशिवराव मान हलवत म्हणाले, "वाचले सर तुमी यंदा. आता चहा पाजा." त्याने चहा पाजला. मग पाठांची टाचणं भरायची होती. मग जेवणाची सुट्टी झाली. दोन वाजले, तीन वाजले. वेळ कोणी घालवत नव्हतं, ती आपली जात होती. साडेतीनला तो उठला, कपाट उघडलं, प्लास्टिकची पिशवी बॅगेत टाकली आणि गाडीला किक मारली. मी सांगायलाच चाललो आहे, त्याने स्वतःला बजावलं. पावसाळ्यात तांड्यापर्यंतच दीड-पावणेदोन तास लागतात, साडेतीनला निघालेला माणूस सहाच्या आत यवतमाळला पोरगी पोहोचवू शकत नाही हे गणित दहावी नापाससुद्धा करेल, पण त्याने ते केलं नाही. वीस पानं त्याने तेव्हाही उघडली नव्हती.

दोन्ही बाजूंना गुडघाभर सोयाबीन, कपाशीच्या ओळीत वाकलेल्या बायका. एक एसटी समोरून आली, यवतमाळची पाटी, आणि चिखल उडवत निघून गेली. तांड्यात पोहोचला तेव्हा पाच वाजून दहा मिनिटं झाली होती. जमनी नुकतीच वावरातून आलेली, हातापायांना माती. उज्ज्वला दारातच उभी होती, जणू गाडीचा आवाज तिने वळणावरच ओळखला होता. "सर, मेसेज आला काय?"

या प्रश्नाची वाट तो दीड दिवस बघत होता, तरी प्रश्न त्याला एकदम आल्यासारखा वाटला. मधे एक कोंबडी चालत गेली. तिच्या पायाच्या बोटांचे ठसे ओल्या मातीत उमटत गेले, तीन तीन बोटं. तो ते बघत होता. अजून सांगता आलं असतं. सांगितलं असतं तर बटण दाबता आलं असतं, बटण दाबून यवतमाळला फोन करता आला असता, सकाळी कागद घेऊन येतो, तांड्यातली पोरगी आहे, हात जोडतो मॅडम. फोनवर हात जोडायची त्याला सवय होती. आणि मग सोमवारी लिपिकासमोर एकोणीस म्हणायचं. "नाई आला," तो म्हणाला. "आता दुसऱ्या यादीत पाहू." "बरं," ती म्हणाली. पोरीचा चेहरा पडला नाही, त्याने बघितलं. फक्त तिने दाराला टेकवलेला हात काढून घेतला. जमनी म्हणाली, "भिया, तुमच्याजवळ तं हाय ना जागा? मंग कायची काळजी. बसा, चहा मांडते." आणि तो बसला. निरोप सांगून झाला होता, उठायला हरकत नव्हती, पण त्याला उठता येईना. सहा वाजायचे होते. सहा वाजेपर्यंत ती गोष्ट जिवंत होती आणि तिला एकटी सोडून जाणं त्याला जमेना. मरणाऱ्याजवळ बसतात तसा तो खाटेवर बसला. चहा आला. उज्ज्वलाने इतिहासाची वही आणली, आणि मधल्या काळात ती पुढचा पुढचा, बारावीचाही, वाचून काढत होती हे दिसलं. रेघा मारलेली पानं आता बेचाळीस नव्हती, त्याला मोजवेनात. "सर, राजे लोकायनं शिलालेख लिवले ते लोकायले वाचता येत होते काय? नसन येत तं मंग कोनासाठी लिवले?" त्याने कपातल्या चहाकडे बघत सांगितलं की ते वर्गात बघू. "बरं." तिने प्रश्नापुढे खूण केली. जमनी चुलीजवळून म्हणाली, "पाय ना भिया, मी म्हटलं नाई, डोस्कं खाते." भिंतीवरचं घड्याळ दहा मिनिटं पुढे होतं, म्हणून सहा दोनदा वाजले. एकदा भिंतीवर, एकदा खिशात. खिशातले वाजले तसा तो उठला, जमनीला रामराम केला, आणि बॅगेतली प्लास्टिकची पिशवी जशी आली तशी परत घेऊन गेला.

वर्ग तीन आठवड्यांनी सुरू झाले. फेऱ्यांतून बाद झालेल्या उज्ज्वलाचा प्रवेश तोवर त्याने फेऱ्यांबाहेर, संस्थेच्या कोट्यातून इथे करून घेतला होता. पहिला तास इतिहासाचा होता. पूनमसिंग हजेरीपट, खडू आणि डस्टर घेऊन व्हरांड्यातून चालत होता आणि दुरूनच त्याला दिसलं की वर्गाचं दार उघडं आहे, म्हणजे कोणीतरी आलं आहे. कोणीतरी म्हणजे कोण हे शोधायची गरज नव्हती. पहिल्या बाकावर, खिडकीच्या बाजूला, ती. दोन वेण्या, वही बंद, वहीवर पेन. बाकी पस्तीस बाकांवर धूळ, आणि धुळीवर चिमणीच्या पायांचे ठसे. "एकटीच आली का?" हे विचारणं मूर्खपणाचं होतं, पण काही तरी बोलायला हवं होतं. "पह्यल्या गाडीनं आली सर." त्याने हजेरीपट उघडला. हजेरी घेणं गरजेचं होतं, नियम आहे, शिवाय वीस नावं वाचायला दोन मिनिटं जातात. त्याने पहिलं नाव वाचलं आणि थांबला, जसं थांबतात. दुसरं वाचलं. पुण्याला गेलेले, लग्न ठरलेल्या, पहाटे धावणारे, हॉटेलात कप धुणारा, सगळ्यांना त्याने नावाने हाक मारली आणि प्रत्येक हाकेनंतर वर्गाने तेवढाच वेळ उत्तर दिलं नाही. "राठोड उज्ज्वला बाबुलाल." "हजर सर." त्या एका आवाजाने खिडकीतली चिमणी उडाली. त्याने हजेरीपटावर वीस खुणा केल्या. वीसही हजर.

खडू घेऊन तो फळ्याकडे वळला तेव्हा मागून ती म्हणाली, "सर, मी गेलती सायबर कॅफेत. अर्जाचा नंबर लिवून ठेवला होता ना. त्यानं यादी काढून दाखवली. मले यवतमाळ लागलं होतं, पह्यल्याच यादीत. गेलं ते. आता कोनत्याच फेरीत नाव नाई येत, म्हणे." आवाज अगदी सरळ, धडा वाचतात तसा. तो वळला नाही. फळ्यावर गेल्या वर्षीची तारीख होती. पुसली नव्हती कोणी. "त्या दिवशी तुमच्या फोनले रेंज नसन सर."

तिने प्रश्न विचारला नव्हता. तिने त्याला उत्तर दिलं होतं, लिहून घेण्यासाठी, मास्तर ढ पोराला देतात तसं. "नव्हती," पूनमसिंग म्हणाला. "तेच म्हटलं," ती म्हणाली, "याडीले बी मी तेच सांगतलं. सरच्या फोनले रेंज नव्हती." त्याला वाटलं आता ती रडेल, आणि आपल्याला काही करता येईल, पाण्याची बाटली, समजूत, पुढच्या वर्षीचं आश्वासन. ती रडली नाही. बोटांत खडू ओला झाला होता आणि तारखेचा पहिला आकडा फळ्यावर उमटेना. घाम आपण ठरवलं तरी थांबत नाही, ते तिने मे महिन्यातच वाचून ठेवलं होतं, आणि ती आता त्याच्या हाताकडे बघत असेल. तो वळला. ती हाताकडे बघत नव्हती. तिने वही उघडली होती.

पहिला धडा, पहिलं पान. मधोमध तीच रेघ. रेघेच्या खाली, जिथे कोरं होतं तिथे, त्याच बारीक सरळ अक्षरात खालच्या कोपऱ्यापर्यंत भरलेलं. शिलालेख लोकांना वाचता येत नसतील तर ते कोणासाठी लिहिले, याचं तिने स्वतःच शोधलेलं उत्तर होतं, वाचनालयातल्या पुस्तकाच्या नावासकट. डोक्यावरच्या दोन शब्दांवर पट्टीने एक रेघ मारलेली होती, हळूच, शब्द वाचता येतील अशी. तिने पान उलटलं. पुढचंही भरलेलं होतं. पूनमसिंगला मोजायचं होतं पण ती भराभर उलटत होती, तिला आजचा धडा कोणता ते बघायचं होतं. तो सापडल्यावर तिने पेन उचललं, पण टोपण काढलं नाही. "सुरू करा सर," ती म्हणाली.

त्याने मनगटावरचं घड्याळ बघितलं. तास संपायला अजून पस्तीस मिनिटं होती.